नातवाच्या शुद्ध उच्चाराची मोहीम

४ जून, बिशेल्ये

सकाळच्या गाडीने ह्या दक्षिणेकडच्या गावात पोचलो. स्टेशनवर माझी मुलगी दिलेत्ता, जावईबापू रुज्जेरो, व्याही, विहीणबाई आणि विहीणबाईंच्या कडेवर माझा नातू. एका माणसाला न्यायला अख्खं घर! आमच्या फ्लॉरेन्समध्ये पाहुणा पत्ता शोधत येतो आणि बेल वाजवतो. विहीणबाईंनी मला गच्च धरलं, दोन्ही गाल ओले केले आणि म्हणाल्या, अगं बाई, किती वाळलेत हे! मी वाळलेलो नाही. आमच्याकडे माणसं अशीच असतात.

मला समुद्राकडची खोली दिली आहे. व्याहींनी स्वतःची रिकामी केली म्हणे. लाटांचा आवाज येतो. तसं सांगितलं, तर म्हणाले, होईल सवय. सवय व्हायला मी इथे कायमचा आलेलो नाही.

कशासाठी आलोय ते एकदा नीट लिहून ठेवतो. दिलेत्ता इथल्या फार्मसीत अर्धा वेळ काम करते, ते सप्टेंबरात संपतं. फ्लॉरेन्सला माझा दोस्त उगो ह्याच्या औषधांच्या दुकानात तिच्यासाठी जागा आहे. माझ्या घरात चार खोल्या आहेत. माझी बायको योले गेल्यापासून त्यातल्या तीन उघडायचं कारणच पडत नाही. दिलेत्ता फोनवर म्हणाली होती, बाब्बो, उन्हाळाभर इथे येऊन राहा, मग सप्टेंबरात काय ते ठरवू. म्हणजे ठरल्यातच जमा आहे. ती येणार, बाळ येणार, जावईबापूही आले तर एक खोली त्यांना देऊ.

तोवर माझ्याकडे एकच काम. नातू दीड वर्षाचा झाला, अजून एक शब्द बोललेला नाही. सगळे काळजी करतात. मला उलट आनंद आहे. जीभ कोरी आहे! ह्या लोकांनी ती बिघडवायच्या आत तिच्यावर माझा हात फिरला पाहिजे. इटालियन भाषा आमच्या गावात जन्मली. बाकीचा देश ती आमच्याकडून उसनी नेतो आणि वापरून वापरून तिचं पोतेरं करतो. चाळीस वर्षं बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांशी बसून मी हे त्यांना सांगत आलो. काही गिऱ्हाइकं परत आली नाहीत. सत्य सगळ्यांना पेलत नाही.

५ जून

संकल्प. रोज सकाळी नऊ ते दहा बाळाला उच्चारांचा क्लास. बापाला 'बाब्बो' म्हणायचं, फ्लॉरेन्समध्ये म्हणतात तसं. इथलं 'पापा' अजिबात नाही. मला 'नोन्नो', म्हणजे आजोबा. पहिला शब्द नोन्नो असावा अशी माझी इच्छा आहे, पण मी हट्टी नाही. दुसरा असला तरी चालेल.

बाळाचं नाव पांतालेओ. इथे पहिल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव लावतात, त्याला कोणी विचारत नाही. मी कोसिमो सुचवलं होतं. व्याही पांतालेओ, त्यांचे आजोबा पांतालेओ, गावाचा संतही पांतालेओ. कोणी हाक मारली की घरातल्या दोघांच्या माना वळतात आणि भिंतीवरच्या फोटोंच्याही वळतील असं वाटतं. मी नुसतं बाळ म्हणणार आहे.

सकाळी क्लास झाला नाही. प्रवासाचा शीण.

९ जून

पहिला क्लास. चित्रांचं पुस्तक आणलं होतं. बाळाने गाढव खाल्लं. म्हणजे गाढवाचं पान.

विहीणबाई मध्येच वाटीत काहीतरी घेऊन आल्या आणि क्लासचा बट्ट्याबोळ केला. ह्या बाई नातवाला हाक कशी मारतात ते लिहायलाही लाज वाटते. त्या त्याला 'आजी' म्हणतात! खा, आजी. पाणी पी, आजी. पडशील हं, आजी! मी चक्रावलो. मग संध्याकाळी जावईबापू आले आणि मुलाला उचलून म्हणाले, काय रे पापा, त्रास दिलास का आजोबांना? बाप मुलाला बाप म्हणतोय. म्हणजे इथे जो बोलतो, तो स्वतःचंच नातं समोरच्या पोराला चिकटवतो. असल्या घरात पोराला आपण कोण हे कळायला वयाची वीस वर्षं जातील.

व्याहींना हे स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, अहो, माया आहे ती. आपलं नाव त्याच्या अंगावर घालायचं, पांघरूण घालतात तसं. मी म्हटलं, नाव तर तुम्ही त्याला बारशालाच घातलंत. ते खूप हसले. ह्या माणसाचा अपमान करणं अवघड आहे.

१४ जून

जेवताना व्याहींनी पुन्हा मला 'कोका-कोला' म्हणायला सांगितलं. आल्यापासून रोज. मी म्हटलं की टेबलावरचे सगळे खूश होतात, विहीणबाई डोळे पुसतात, जावईबापूंचा चुलतभाऊ तर मुद्दाम जिना चढून ऐकायला आला. म्हणाला, आता कोका-कोला आणि प्यायची आखूड कांडी असं एका दमात म्हणा ना, काका. म्हटलं. त्याने टाळ्या वाजवल्या.

आमचा क रेशमी असतो, श्वासातून अलगद जातो. ज्यांनी आयुष्यभर दगडासारखा क ऐकला त्यांना तो 'ह' वाटतो. व्याही म्हणाले, तुम्ही तो गिळताच की हो! मी त्यांना समजावलं की चांगल्या गोष्टी गिळायच्याच असतात. तरी हे लोक शिकायला उत्सुक आहेत, हे मान्य केलं पाहिजे. पेय मात्र कोणी कधी आणत नाही. व्याहींना साखरेचा त्रास असावा.

१७ जून

पावात मीठ! प्रत्येक पावात! आमचा पाव बिनमिठाचा, कारण मीठ जेवणात असतं. बेकरीवाल्याला हे सांगितलं. तो म्हणाला, बरं प्रोफेसर. आता गावात सगळे मला प्रोफेसर म्हणतात. मासळीवालाही. मी स्वतःहून कुठेही तसं सांगितलेलं नाही, माणसं ओळखतात.

ह्यांना शेजारच्या बारी शहराचं नावही धड घेता येत नाही. 'बेरी' म्हणतात. आ उघडायला तोंड उघडावं लागतं, ते ह्यांना जेवतानाच जमतं. आणि क्रियापदांचे तर हाल बघवत नाहीत. विहीणबाई जिन्यावरून ओरडतात, रुज्जेरो, बाळाला खाली उतर! अहो, उतरव! मी गॅलरीतून दुरुस्त केलं. जावईबापू म्हणाले, हो हो, उतरतो त्याला. क्लास आज नाही. घसा बसला.

दुपारी भात, बटाटा आणि शिंपले एकत्र थरांनी भाजलेला पदार्थ होता. आमच्याकडे असं काहीही एकत्र करत नाहीत. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, नेमकं काय चुकलंय ते कळावं म्हणून.

२२ जून

समुद्रावर. शेजारच्या छत्रीखाली मिलानचं एक जोडपं. बाई शब्दांची शेपटं तोडतात आणि उरलेलं नाकातून सोडतात. व्याहींनी कलिंगड कापलं आणि त्यांना दिलं, ओळख ना पाळख. त्याला ते 'लाल खरबूज' म्हणतात. मिलानच्या बाईंनी तिसरंच नाव घेतलं. मी दोघांना खरं नाव सांगितलं आणि ते खरं का आहे हेही सांगितलं. मिलानचे गृहस्थ मान हलवत ऐकत होते. शेवटी त्यांनी अदबीने विचारलं, आपण स्पेनहून आलात का? मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. वाद मिटेपर्यंत कलिंगड बाळाने आणि विहीणबाईंनी संपवलं होतं.

संध्याकाळी जिन्यात दोन बायकांच्या गप्पा ऐकू आल्या. एक विहीणबाई. दुसरी कोण शेजारीण इतकं अघळपघळ, हातवारे ऐकू येतील असं बोलतेय, म्हणून डोकावलो. दिलेत्ता होती! फार्मसीत कोणा म्हाताऱ्याने काय गंमत केली ते सांगत होती, आणि हसता हसता पायरीवर बसली होती. माझी मुलगी. असं बोलताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. मला बघून गप्प झाली. लाज वाटली असणार. फ्लॉरेन्सला नेलं की महिन्याभरात बरी होईल.

४ जुलै

बाळाला काहीतरी झालंय. गेले काही दिवस बघतोय. कालवलेली भाजी पुढे केली की त्याची मान झटक्यात मागे जाते, हनुवटी वर, भुवया वर, आणि जिभेचा टाळूवर 'ट्च' असा आवाज. टोपी घालायला गेलो, ट्च. पुस्तक उघडलं, लगेच ट्च. मानेचं दुखणं असेल का? की जीभच टाळूला चिकटतेय? तरीच बोलत नाही! आणि घरात कोणाचंही लक्ष नाही. सांगितलं असतं, पण ह्यांनी उगाच गाव गोळा केलं असतं. उद्या मीच गुपचूप नेतो.

५ जुलै

बाळाला फिरवून आणतो सांगून थेट मुलांच्या डॉक्टरकडे गेलो. दाढीवाला, तरुण, अगदी इथलाच. सगळं सविस्तर सांगितलं. त्याने बाळाला तपासलं, मग चमच्यातून काहीतरी पुढे केलं. बाळाने मान मागे टाकली. ट्च. मी म्हटलं, बघितलंत? डॉक्टर हसू दाबत होता. मी विचारलं, गंभीर आहे का? तर डॉक्टरचीच मान मागे गेली, भुवया वर, आणि ट्च!  मी विचारलं, डॉक्टर, तुम्हाला कधीपासून? पुन्हा ट्च. बाहेर नर्सबाई बसल्या होत्या, त्यांना विचारलं, ह्यांना बरं नाही का? ट्च! मी बाळाला छातीशी धरून दाराकडे सरकलो.

मग डॉक्टरने खुर्चीवर बसवून समजावलं. म्हणाला, अहो प्रोफेसर, हा आजार नाही, हे आमचं 'नाही' आहे. फार पूर्वी ग्रीक आले, राहिले, गेले, आणि हे इथे ठेवून गेले. मी म्हटलं, विसरून गेले असतील. एखाद्याने विसरलेली वस्तू जपून ठेवतात, तोंडात घालून फिरत नाहीत. तो म्हणाला, अभिनंदन करा नातवाचं, पहिला शब्द बोलला. मी म्हटलं, हा शब्द नाही. तो म्हणाला, मग त्याने नाही म्हटलेलं आम्हा सगळ्यांना कळतं कसं?

ह्यावर उत्तर होतं. घरी येताना सुचलं.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. डॉक्टर विहीणबाईंच्या चुलतबहिणीचा मुलगा. दारात सगळे उभे. मला वाटलं आता खरडपट्टी. पण कसलं काय! पांतालेओ बोलला, पांतालेओ बोलला! करत व्याही मिठाई आणायला गेले. शेजारपाजारचे येऊन बाळाला विचारत होते, शाळेत जाणार का? ट्च. टॅक्स भरणार का? ट्च. माझी मेहनत, आणि पहिला शब्द ग्रीक!

दिलेत्ताने मात्र मला बाजूला घेतलं. म्हणाली, बाब्बो, मला न विचारता माझ्या मुलाला डॉक्टरकडे का नेलंत? मला आधी का नाही विचारलं? ती रागावली होती असं वाटलं, पण तिचे स्वर इतके बिघडलेत की नक्की सांगता येत नाही.

१२ जुलै

नवा संकल्प. आवाजावर भर. आजपासून क्लास सकाळी आठला, म्हणजे विहीणबाई बाजारात असताना. बाळ झोपलं होतं. मी त्याच्या उशाशी बसून हळू आवाजात उच्चार म्हटले. झोपेत जास्त मुरतं. मध्ये मलाही डुलकी लागली. जाग आली तेव्हा कोणीतरी माझ्या अंगावर चादर घातली होती.

२१ जुलै, रात्र

आज बंदरावर जे झालं त्याचा ह्या लोकांनी फारच गवगवा केला आहे, म्हणून नीट नोंदवतो.

मी आणि विहीणबाई बाळाला घेऊन बोटींपाशी गेलो होतो. विहीणबाई मासळीवाल्याशी घासाघीस करत होत्या. बाळ एका मांजरामागे धावलं, धक्क्याच्या कडेकडे. कठडा नाही, खाली पाणी. मी लांब होतो.  ओरडलो. एवढंच. जे तोंडात आलं ते ओरडलो. बाळ थांबलं, वळलं आणि माझ्याकडे पळत आलं. मी त्याला उचललं. घरी येईपर्यंत खाली ठेवलं नाही, ऊन फार होतं.

आता विहीणबाईंचं म्हणणं असं की मी 'थांब, नोन्नो! ये इकडे, नोन्नो!' असं ओरडलो. म्हणजे मी माझ्या नातवाला आजोबा म्हटलं, त्यांच्यासारखं. साफ खोटं! मी ओरडलो हे खरं. 'नोन्नो' म्हटलं हेही खरं. पण ते मी स्वतःला म्हणत होतो. आजोबा, धाव! असा त्याचा अर्थ. विहीणबाई ऐकेनात. रडत रडत म्हणाल्या, आता झालात आमचे. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चौघींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. एकीने वांगी आणून दिली.

रात्री जेवणावर कोणी कोका-कोला म्हणायला लावलं नाही. विचारायचं राहून गेलं असेल. मला चुकल्यासारखं वाटायचं काही कारण नाही.

३० जुलै

उगोचा फोन. दुकानातली मुलगी सोडून चाललीय, दिलेत्ताचं काय ते आत्ता सांग, नाहीतर दुसरीला घेतो. मी म्हटलं, येणार. एक सप्टेंबरपासून येणार. दिलेत्ता कामावर होती, तिला मध्येच कशाला त्रास? शिवाय ती हो म्हणणारच. तीन खोल्यांना रंग द्यायलाही सांगून टाकलं. बाळाच्या खोलीला पिवळा.

घरात अजून बोललो नाही. पुढच्या आठवड्यात संतांचा उत्सव आहे, सगळे नातेवाईक जेवायला असतात. तेव्हा उभं राहून, ग्लास हातात घेऊन, चार सुंदर वाक्यांत सांगेन. एकदा ह्या लोकांना खरी इटालियन कशी असते तेही ऐकू दे. वाक्यं तयार करायला घेतली.

क्लास स्थगित. भाषणाची तयारी.

९ ऑगस्ट

उत्सव. सकाळी बँड, मिरवणूक, फटाके. माणसं संतांशीसुद्धा ह्याच उच्चारात बोलतात आणि संत ऐकून घेतात, म्हणून ते संत.

दुपारी अंगणात लांब टेबल. नातेवाईक मोजायचा प्रयत्न सोडून दिला. मिठाई यायच्या आधी मी उठलो. चमच्याने ग्लास वाजवला. सगळे शांत झाले. व्याही मोठ्याने म्हणाले, शूऽऽ, प्रोफेसर बोलणार!

बोललो. फ्लॉरेन्स, भाषा, माझी माणसं, रिकामं घर, उघडणारी दारं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. शेवटी सांगितलं की एक सप्टेंबरपासून दिलेत्ता उगोच्या दुकानात रुजू होईल, आणि बाळ माझ्याकडे वाढेल, स्वच्छ हवेत आणि स्वच्छ भाषेत. ग्लास उंच केला.

कोणी ग्लास उचलला नाही. एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी शेजारणीला विचारलं, काय म्हणाला गं? शेजारीण म्हणाली, पोराला नेतोय. विहीणबाईंनी बाळाला आधी मांडीवर घेतलं आणि मग त्याच्या केसांत तोंड लपवलं. जावईबापू दिलेत्ताला म्हणाले, तू हो म्हणालीस? मला सांगितलंही नाहीस? दिलेत्ता पांढरीफटक पडली. म्हणाली, मला आत्ता कळतंय. आणि उठून वर गेली.

मिठाई आली, पण सगळ्यांनी ती घाईघाईने खाल्ली. मला वाटतं भाषण जरा उंच पातळीवरचं झालं. इथे ते सोपं करून सांगायला हवं होतं.

१० ऑगस्ट

सकाळी दिलेत्ता माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. मला वाटलं, माफी मागायला आली. मी खुर्ची पुढे केली. बसली नाही.

म्हणाली, उगोकाकांना मी फोन केलाय, येत नाही म्हणून. मी इथल्याच फार्मसीत पूर्ण वेळ लागतेय. बाळ सासूबाईंकडे राहील. मी म्हटलं, घाईत निर्णय नको, घराला रंग लागतोय. ती म्हणाली, बाब्बो, ऐका माझं. एकदा तरी शेवटपर्यंत ऐका.

मग बरंच काही बोलली. की लहानपणी ती शाळेतून पळत पळत यायची, मला काहीतरी सांगायला. की दुसऱ्या शब्दाला मी तिला थांबवायचो. तिच्यात तिच्या आईच्या माहेरचा, लिव्होर्नोचा स्वर होता ना, तो काढायला हवाच होता. स्वर उघड, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. बरोबर म्हणता यायचं तोवर, म्हणाली, काय सांगायला आले होते तेच मी विसरून जायचे. मग सांगणंच सोडून दिलं. आई पण तुमच्यासमोर बोलायची बंद झाली, आठवतंय का तुम्हाला? मी म्हटलं, योले मितभाषी होती. दिलेत्ता म्हणाली, आई? आई फोनवर मावशीशी तासन्‌तास बोलायची. तुमची चाहूल लागली की ठेवून द्यायची.

हे मला नवीन होतं. पण फोनचं बिल जास्त यायचं, हे खरं आहे.

शेवटी म्हणाली, इथे मी काही सांगायला लागले ना, की ही माणसं विचारतात, मग? पुढे काय झालं? बस, एवढंच विचारतात. मला माझा मुलगा इथे वाढवायचाय. तिच्या ह्या बोलण्यात दोन चुका झाल्या. मी एकच दुरुस्त केली, तीही सहज, हळू आवाजात. ती माझ्याकडे बघत राहिली. मग दार उघडून निघून गेली.

थोड्या वेळाने विहीणबाई कॉफी घेऊन आल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, कालचं मनावर घेऊ नका. पोरगी रागात बोलली. खोली तुमचीच आहे, राहा की इथे कायमचे. तिकडे जाऊन चार भिंतींशी काय बोलणार? मी म्हटलं, भिंती निदान चुकीचं बोलत नाहीत.  कप तिथेच ठेवून गेल्या.

१२ ऑगस्ट, गाडीत

निघालो. कोणी अडवलं नाही असं नाही, सगळ्यांनीच अडवलं. पण इथे आणखी राहिलो तर माझीच जीभ बिघडेल. परवा बेकरीत मी मिठाचाच पाव मागितला.

स्टेशनवर पुन्हा अख्खं घर. व्याहींनी माझ्या पिशवीत तेलाचा डबा, फोकाच्या नावाचा टोमॅटोचा जाड पाव आणि काय काय कोंबलं. बाळ माझ्या टोपीशी खेळत होतं. दिलेत्ता म्हणाली, पोचलात की फोन करा. मी हो म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. माझ्यासारख्या माणसाला शब्द सुचू नयेत ह्याचं आश्चर्य वाटलं. हवेचा परिणाम.

६ सप्टेंबर, फ्लॉरेन्स

घर छान दिसतंय. पिवळा रंग थोडा भडक आहे. ती खोली बंद केली.

उगोच्या दुकानात गेलो होतो. नवी मुलगी कामावर घेतली त्याने, बारीची. उगो म्हणाला, काय गोड बोलते, गिऱ्हाईक हलत नाही. मी खोकल्याचं औषध न घेताच परत आलो.

संकल्प. दिलेत्ताला स्वतःहून फोन करायचा नाही. तिला चूक कळली की करेल.

२० सप्टेंबर

दिलेत्ताने फोन केला! दोन मिनिटं बोललो. हवा, तब्येत, पाऊस. तिच्या तीन चुका झाल्या, मी एकही काढली नाही. कोण म्हणतं मी ऐकून घेत नाही? पुढच्या रविवारीही करते म्हणाली. बाळ आता काहीतरी बडबडायला लागलंय, पण शब्द नाही अजून. वाट बघतोय.

११ ऑक्टोबर, रविवार

फोन वेळेवर आला. मी जेवण लवकर उरकून फोनशेजारीच बसलो होतो. दिलेत्ता इतकी खुशीत होती की आवाजच ओळखू येईना. म्हणाली, बाब्बो, ऐका, कोणीतरी तुमच्यासाठी सकाळपासून प्रॅक्टिस करतंय. मागे विहीणबाईंचा आवाज, व्याहींचा आवाज, सगळे त्याला, म्हण रे, म्हण, म्हणत होते. मग शांत झालं. नुसता श्वास. छोटा, जोरजोरात.

आणि मग तो म्हणाला, नोन्नो.

अगदी स्पष्ट. एकदाच. पलीकडे सगळे टाळ्या वाजवायला लागले. पहिला 'ओ' मात्र मिटलेला होता, पक्का तिकडचा. मी लगेच सांगितलं, नाही बाळ, असं नाही. तो ओ उघडा म्हणायचा. पुन्हा म्हण.

टाळ्या थांबल्या. पुन्हा म्हण, मी म्हटलं, लाडात, अजिबात न रागावता. श्वास ऐकू येत होता, मग तोही येईना. दिलेत्ताचा आवाज आला, ठेवते हं बाब्बो. त्या लाइनीत नेहमीच काहीतरी बिघाड असतो.

बराच वेळ फोन हातात धरून बसलो. परत वाजला नाही. मग त्याला जे दाखवायचं होतं ते मीच एकदा नीट म्हणून पाहिलं, मोठ्याने, खोलीच्या मध्यभागी उभं राहून. नोन्नो. नोन्नो.

उच्चार निर्दोष होता.